बैलाची मान आणि आईचा हात

आमच्या धाकट्या भाऊजींइतका कष्टाळू आळशी माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा झाला नसेल. साधा आळशी माणूस निदान झोपतो तरी. त्याच्या अंगावर पांघरूण टाकलं की घरादाराची सुटका होते. आमचे भाऊजी पहाटेपासून राबायचे, कपाळाला घाम यायचा, जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत, आणि संध्याकाळी बघावं तर काम होतं तिथेच. कारण त्यांचं सगळं राबणं निवडण्यात जायचं. मी लग्न होऊन आले त्या साली त्यांना छत्री घ्यायची होती. धसईच्या बाजाराला जायचे, प्रत्येक छत्री उघडायची, मिटायची, काड्या वाकवून बघायच्या, आणि छत्रीखाली उभं राहून दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावायचं. "घाई कशाला? छत्री काय रोज रोज घेतात?" असं म्हणत अख्खा पाऊस त्यांनी इरल्याखाली काढला. भात कापणीला आलं तेव्हा छत्री घेऊन घरी आले. छत्री चांगली होती हे खरं. अजून आहे.

असा हा माणूस मुंबईला राहून फिजिओथेरपी शिकला. गावात तो शब्द कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून म्हातारी माणसं त्यांना चोळणारा डॉक्टर म्हणू लागली. त्याचा त्यांना फार राग यायचा. "चोळत नाय, उपचार करतो," असं ते ज्याला त्याला थांबवून सांगायचे. कल्याणच्या एका इस्पितळात काही दिवस नोकरी केली आणि मग एकदम ठरवलं, की आपल्या घरी, रस्त्याकडच्या ओटीवर, स्वतःचा दवाखाना काढायचा. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. ओटीला भिंत घातली, रंग दिला, उंच पलंग आणला, वाशाला दोरी आणि कप्पी टांगली, खांदा फिरवायचं चाक भिंतीवर ठोकलं. बोर्ड रंगवायला पेंटर आला. त्याच्याकडून भाऊजींनी बोर्डावर आपलं नाव आणि त्याखाली 'वेळ' एवढाच शब्द लिहून घेतला. पुढची जागा कोरी. पेंटर ब्रश धरून उभा, "वेळ काय टाकू, डॉक्टर?" तर म्हणे, "ते सॉफ्टवेअर ठरलं का मग वेळ ठरल."

हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते मला कळायला वेळ लागला, पण कळलं. कोण पेशंट आला, त्याचं काय दुखतं, त्याला कोणता व्यायाम दिला, पुढे कधी बोलवायचा, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवायची सोय. चांगलीच गोष्ट आहे. मी चौथी शिकलेली, पण विसरण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं हे मलाही समजतं. कॉम्प्युटर आला, त्याला शिवणाच्या मशीनवर घालतात तशी कापडाची खोळ मीच शिवून दिली. अडचण अशी, की हे सॉफ्टवेअर विकणारे पुष्कळ. कल्याणहून यायचे, ठाण्याहून यायचे, थोडे दिवस वापरून बघा म्हणून सीडी ठेवून जायचे. मुदत संपली की ते आपोआप बंद. भाऊजींना छत्र्यांचं अख्खं दुकान सापडलं.

एक सॉफ्टवेअर दातांच्या डॉक्टरांसाठी केलेलं निघालं. पेशंटचं नाव घातलं की समोर बत्तीस दातांचं चित्र यायचं. दुसरा कोणी असता तर त्याने ते त्याच दिवशी परत दिलं असतं. भाऊजी त्याच्यापुढे आठवडाभर बसून म्हणत होते, "दात सोडले तर बाकी चांगलं हाय." दुसऱ्यात प्रत्येक पेशंटला अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ द्यावी लागायची. पेशंट गाडीनेच येणार, म्हणून भाऊजी एस. टी. स्टँडवर जाऊन धसईच्या गाड्या कधी येतात ते विचारून आले आणि तोंड पाडून बसले, कारण गाडी कधी येते ते स्टँडवरच्या माणसालाही सांगता येईना. तिसऱ्याची परीक्षा घ्यायला ते माणसाचं नाव लिहिता लिहिता मध्येच वायर उपटायचे. लाइट गेल्यावर लिहिलेलं राहतं की जातं, ते बघायला. आमच्याकडे तेव्हा लाइट दिवसातून इतक्या वेळा जायची, की वायर उपटायचे कष्ट घ्यायची काही गरज नव्हती.

इथवर मला हसूच येत होतं. मी हसत होते, आणि त्याच दिवाळीनंतर माहेरी, सापगावला, माझ्या आईला लकवा मारला.

उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की व्यायाम लगेच सुरू करा, पहिले महिने महत्त्वाचे. पाय जरा ओढत का होईना उचलायला लागली, पण हात मांडीवर पडलेला, बोटं आत वळलेली. माझा भाऊ तिला कल्याणला ठेवणार होता. माहेरी मी कधी कोणाच्या मध्ये बोलले नाही, त्या दिवशी बोलले. म्हटलं, "कल्याणला कशाला? आमच्या घरात डॉक्टर हाय." आणि मी तिला घेऊन मुरबाडला आले.

भाऊजींनी आईला वाकून नमस्कार केला. त्यांना आई आवडायची. मला म्हणाले, "वयनी, बरं केलंत. दवाखान्यातली पहिली नोंद आईंची. पहिला मान त्यांचा. म्हणून तर नीट सॉफ्टवेअर निवडतो." मला भरून आलं. मी मूर्ख, मला भरून आलं! त्या बोलण्याचा अर्थ काय होतो ते मला पुढे कळलं. सॉफ्टवेअर ठरल्याशिवाय नोंद नाही, नोंद केल्याशिवाय उपचार नाही, आणि पहिला मान आईचा म्हणून तिच्या आधी दुसऱ्या कोणालाही हात लावायचा नाही. धसईकडचा एक जण मान आखडून आला होता, सगळं अंग वळवल्याशिवाय त्याला बाजूला बघता येत नव्हतं. त्याला परत पाठवला. भातसानगरहून धरणावरचे एक साहेब कंबर धरून आले, त्यांना म्हणाले, "पुढल्या आठवड्यात या." साहेबांनी जाताना बोर्डाकडे बघितलं आणि मला विचारलं, "वेळ काय?" मी पदर ओढून आत गेले. काय सांगणार?

आणि आई ओटीच्या पायरीपाशी खुर्चीत बसून असायची. माझी आई कशी होती ते सांगते. तिच्या दारातून कुत्रंसुद्धा रिकामं गेलं नाही. कोणी आलं की मूठभर तरी काही हातावर ठेवायचीच, वाल म्हणा, चणे म्हणा, गुळाचा खडा म्हणा. आता उजवा हात उठेना, आणि डाव्या हाताने कोणाला काही द्यायचं नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे तिने देणंच बंद केलं. एकदा शेजारची छोटी मुलगी चुरमुरे मागायला तिच्यापुढे येऊन उभी राहिली. डबा आईच्या मांडीवर. आईने डावा हात उचलला, परत खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझी तूच घे गो बाय. माझ्या हातचं नको." पोर हसत हसत घेऊन गेली. आई नंतर कितीतरी वेळ डबा तसाच धरून बसली होती. मला विचारलं, "तो डाक्टर आत दिवसभर काय करतो गो?" मी म्हटलं, "निवडतो." तर म्हणाली, "तांदूळ असते तर एव्हाना शिजले असते."

मी तिच्या हाताला तेल लावायला बसले, तर भाऊजी आतून ओरडले, "वयनी, तेल लावू नका! उगाच चुकीचं वळण लागल. पद्धतशीर करू." आमच्या ह्यांना मी सांगितलं, जरा बोला तुमच्या भावाला. हे म्हणाले, "त्याचं डोक्याचं काम हाय. घाई केली तर बिघडल." माझ्या आईचा हात बिघडत होता त्याची घाई कोणाला नव्हती. थंडी गेली. आईची बोटं आणखी आत वळली. सकाळी मी ती एकेक करून उघडायचे, आणि सोडली की ती पुन्हा मिटायची. आतून कॉम्प्युटरचा टकटक आवाज यायचा. तो आवाज आला की माझ्या हातातलं भांडं आपटायचं. सगळे म्हणायचे, हिला हल्ली काय झालंय?

मग तो बाजारचा दिवस आला. कल्याणहून एक विकणारा मुलगा आला, टाय लावलेला, घामाघूम. दोन सॉफ्टवेअरवर गोष्ट आली होती आणि त्यातलं एक त्याचं. मी चहा घेऊन दारात गेले. भाऊजी खुशीत होते. त्याला सांगत होते, "आमी असं घेत नाय. मी तुमचं सगळं तपासलंय. पेशंट घालून घालून बघितलंय." आणि वाचून दाखवू लागले. पहिली त्यांची आजी, माझी आजेसासू. ती जाऊन दहा वर्षं झाली होती. गुडघा, सूज उतरली, आता जिना चढते. दुसरे त्यांचे काका, तेही वारलेले. खांदा, सत्तर टक्के आराम. विकणारा मान डोलवत होता. "आणि हा बघा, चांद्या. मानेचं दुखणं. शेक दिला, व्यायाम दिला, पूर्ण बरा."

तो मुलगा म्हणाला, "चांद्या कोण सर? भाऊ?"

"बैल हाय आमचा," भाऊजी म्हणाले. "म्हटलं बघू कॉम्प्युटर घेतो का. घेतला! फक्त लग्न झालंय का ते विचारीत होता."

दोघेही हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. दिराच्या पुढे मान वर करून मी तोवर चार शब्द बोलले नव्हते. काही हवं नको ते दाराआडून. त्या दिवशी काय झालं मला माहीत नाही. ट्रे खाली ठेवला आणि बोलले.

"मेलेल्या माणसांचे गुडघे बरे केलेत भाऊजी. बैलाची मान बरी केलीत. आता माझी आई जिती हाय तोवर तिच्याकडं बघा."

माझाच आवाज मला ओळखू येईना. विकणाऱ्याने चहा उचलला आणि पिईना. भाऊजी म्हणाले, "वयनी, अवो पहिला मान आईंचा म्हणून तर..."

"मानपान राहू द्या. तिचा हात धरा."

ते उठले नाहीत. खुर्चीतच बसून राहिले आणि खाली बघत अगदी हळू म्हणाले, "भ्या वाटतं वयनी. इस्पितळात वर मोठे डॉक्टर असायचे. हितं मी एकटा. आपल्या घरचं माणूस. चुकलं तर?"

एवढा मोठा शिकलेला माणूस, आणि छत्री न घेता अख्खा पाऊस इरल्याखाली काढणारा. मला तेव्हा दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "चुका. पण धरा."

तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटर कूं करून बंद पडला. "सर, सेव्ह केलं होतं का?" विकणारा म्हणाला. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ओटीवर आले, आईच्या खुर्चीपुढे खाली बसले आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आई म्हणाली, "ठरलं का रे डाक्टर?"

"ठरलं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. राग असला तरी खोटं लिहिणार नाही. सकाळ-दुपार-संध्याकाळ तिच्यापुढे बसायचे, एकेक बोट सोडवायचे, ती दमली की तिच्यावर ओरडायचे, ती रडली की तिला चांद्याच्या लग्नाच्या गोष्टी सांगायचे. एका वाटीतले वाल उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला लावायचे. आई म्हणायची, "तुझ्या आयशीनं तुला खेळवलं नाय वाटतं," आणि टाकायची. धसईचा तो मान आखडलेला माणूसही परत आला. कॉम्प्युटरवर माझी खोळ तशीच होती, तिच्यावर ओले टॉवेल वाळत पडायचे. बोर्डावर वेळ अशी कधी लिहिलीच नाही. लोक बाजाराला आले की यायचे.

हात आला, पण अर्धा. बोटं उघडत, पूर्ण मिटत नसत. लगेच सुरू केलं असतं तर किती आला असता, हे मी भाऊजींना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं.

सापगावला परत निघाली त्या दिवशी आईने वालाची वाटी जवळ ओढली. उजवा हात आत घातला, मूठ भरली आणि भाऊजींपुढे धरली. मूठ ती कसली, बोटांतून निम्मे वाल ओटीवर सांडले. भाऊजींनी ओंजळ पुढे केली, आले तेवढे घेतले. मग खाली बसून सांडलेला एकेक दाणा वेचला. पलंगाखाली गेलेलेसुद्धा वाकून काढले. विकणारा माणूस नव्हता, कोणी बघायला नव्हतं. मीच होते.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. भाऊजींनी कल्याणला दवाखाना केला आहे. तिथे कॉम्प्युटर आहे, टकटक करायला कामाला ठेवलेली मुलगी आहे, लग्नही करून घेतलं एकदाचं. फोन केला की सांगतात, "वयनी, नवीन सॉफ्टवेअर बघतोय," आणि माझं डोकं फिरतं. पण वाल निघाले की ते येतातच. पिशवी देते म्हटलं तर नको म्हणतात. ओटीवर ओंजळ करून उभे राहतात, मोठा डॉक्टर माणूस, आणि म्हणतात, "जरा सांडू द्या की वयनी."

मी घट्ट मुठीने देते. एक दाणा खाली पडू देत नाही. राग आहे अजून माझा. ते ओंजळ तशीच धरून उभे राहतात, आणि शेवटची मूठ मी जरा सैल सोडते.