कलश आणि जॅकेट

अस्थिकलश विसर्जनापर्यंत जमिनीला टेकवायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. बाबांनी ती तंतोतंत पाळली. गाझियाबादहून गढमुक्तेश्वरला जाताना आईचा कलश त्यांच्या मांडीवर होता. वाटेत चहासुद्धा त्यांनी एका हातानं घेतला.

घाटाला गंगा तुडुंब होती, आणि बाबांना पोहता येत नाही. नावाड्यानं लाइफ जॅकेटं पायानंच फळीखाली सारली. "दो मिनट का तो रास्ता है, मॅडम."

माझा राग नाकावरच असतो. जॅकेटांशिवाय नाव सोडायची नाही, असं त्याला ठणकावलं आणि एक बाबांपुढे धरलं.

पण जॅकेटात हात घालायचे तर कलश सोडायला हवा. खाली ठेवता येत नाही आणि माझ्याकडे द्यायला ते तयार नाहीत. "अग्नी मी दिलाय, मीच नेणार," एवढंच म्हणाले. मी समजावलं, चिडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दुःख होतंच, पण त्या वेळी मला फक्त भीती वाटत होती. एकीला पोचवायला आले होते, दुसऱ्याला गमावून परतायचं नव्हतं.

आई मालवणची, पाण्यात वाढलेली. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा इंडिया गेटजवळ बोटिंगला जायचो. तिथल्या जेमतेम पाण्यातही ती आधी बाबांना जॅकेट चढवायची. त्यांच्या ऑफिसातले लोक हसायचे. "हसू देत. पाणी कुणाची ओळख ठेवत नाही," म्हणत ती पट्टा आवळायची.

"आईनं तुम्हाला असं बसू दिलं असतं का?" मी ओरडलेच. घाटावरचे लोक वळून बघायला लागले.

बाबांनी माझ्या हातातल्या जॅकेटकडे पाहिलं. मग त्यांनी कलश माझ्या हातात दिला. नावाड्यानं त्यांना जॅकेट घातलं, पट्टे मी ओढून पाहिले. लगेच त्यांनी हात पुढे केले आणि कलश परत घेतला.

प्रवाहाच्या मध्यावर नाव थांबली. बाबांनी कलश छातीशी धरला, पुन्हा धरला, जरा वर घेतला. त्या जाड फोममुळे तो जवळ येईना.

"हे मध्ये येतंय गं," ते म्हणाले. "थोडं सैल कर ना."

मला रडू फुटलं, पण पट्टा मी सैल केला नाही. हात लांब करूनच त्यांनी आईला पाण्यात सोडलं.