मधोमधचा डाग

सकाळी सूर्याला पाणी सोडताना बा एकदा म्हणाला, "सोलेयवर काळा टिपका आहे." सोलेय म्हणजे सूर्य. आमच्या घरात मराठी बोलता बोलता बेटावरची क्रेओल बोली कधी यायची ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "आयो! डोळे गेले तुमचे," म्हणाली आणि रडायलाच लागली. कारण बा बस चालवायचा, लाँग माउंटनहून गुडलँड्सला, उसाच्या शेतांमधून. डोळे गेले म्हणजे बस गेली, आणि बसवाचून बा म्हणजे कोण, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी गुडलँड्सच्या शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते आणि शहाणपणा मिरवायची एकही संधी सोडत नव्हते. शाळेतली दुर्बीण आणली, खुर्चीला बांधली, तिच्या एका नळीवर टोपण घातलं आणि सूर्याचं बिंब मागच्या पांढऱ्या कागदावर पाडलं. पेरूएवढं बिंब, आणि कडेजवळ मोहरीएवढा काळा डाग.

"बघ आई, डाग सूर्याला आहे, बाला नाही!" मी ओरडले. तिचा जीव भांड्यात पडला. बा नुसता हसला.

तो डाग रोज थोडा सरकायचा. मधोमध आला, दुसऱ्या कडेला गेला आणि नाहीसा झाला. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण अंगणात उभं राहून ते बघताना अंगावर काटा आला. मग मी वहीच सुरू केली. एका पानावर सूर्य, समोरच्या पानावर आमचं हवामान: पाऊस, उकाडा, सिक्लोनचा म्हणजे चक्रीवादळाचा इशारा. बाचं म्हणणं होतं की डाग पडले की सिक्लोन येणारच, आणि मला ते वहीतून सिद्ध करायचं होतं. कागद लावण्याआधी बानं सांगायचं, डाग आहे की नाही. तो तांब्याच्या धारेतून सूर्याकडे बघायचा. मोठा डाग असला की त्याचं बरोबर यायचं आणि मी टाळ्या वाजवायचे. शाळेत मी पोरांना दरडावत होते, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही म्हणून. आणि घरी बापाला रोज विचारत होते, "आज काय दिसतंय?" पाणी मध्ये असलं की चालतं, अशी माझी समजूत. आजही स्वतःचा भयंकर राग येतो.

बसमध्ये चढणारी माणसं विचारायची, "की मान्येर सोलेय?" कसा काय आहे सूर्य? बा गियर टाकता टाकता निकाल द्यायचा, "डाग आहे. छत्र्या बाळगा."

वर्षं गेली, डाग कमी कमी होत गेले, पण वहीतल्या दोन पानांचं काही जमेना. सिक्लोन डागांच्या वर्षीही आलं आणि डाग नसतानाही आलं. ऐंशीचं दशक अर्धं उलटल्यावर शाळेत आलेल्या एका मासिकात मी वाचलं की उपग्रह आता सूर्याची उष्णता मोजतात. डाग भरपूर असतात तेव्हा सूर्य उलट किंचित जास्त तापतो, कारण आसपासचा भाग अधिक उजळतो. कोरा असला की किंचित कमी. हा फरक इतका बारीक की आमच्या बेटावरचा एखादा पाऊस त्याच्या माथी मारता येत नाही. तो वर्षानुवर्षं एकाच बाजूला राहिला तरच पृथ्वीच्या हवामानात कळायचा. काही शतकांपूर्वी डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते आणि युरोप गारठला होता. त्यात सूर्याचा हात किती, यावर विद्वान अजून भांडत होते.

"म्हणजे डागवालाच जास्त तापतो?" बानं विचारलं.

"केसभर."

"तरीच तुझी आई एवढी तापते. गालावरचे वांग बघ." आईनं त्याला ओला टॉवेल फेकून मारला.

त्याच वर्षी सूर्य अगदी कोरा होता. कागदावर नुसतं बिंब. आणि बा मात्र म्हणायला लागला, "आहे. एक आहे." पहिल्या दिवशी मी दुर्बिणीची काच पुसली. दुसऱ्या दिवशी कागद बदलला. "कुठं आहे?" विचारलं तर, "मधोमध." तिसऱ्या दिवशी मधोमध. आठव्या दिवशीही मधोमध. खरा डाग एका जागी थांबत नाही.

मग बाकीचंही दिसायला लागलं. बा आमच्याशी बोलताना मान तिरकी करायचा. ताटातला खडा त्याला सापडायचा नाही. आणि मी, एवढी शिकलेली, गप्प राहिले. रोज त्याच्याच बसमध्ये, त्याच्या मागच्या सीटवर बसून शाळेला जात राहिले. रस्त्यात कुणी आडवं आलं की त्याच्या सीटची पाठ घट्ट धरायचे.

बाराव्या दिवशी वळणावर उसाची गाडी समोर आली आणि बानं ब्रेक उशिरा दाबला. लागलं कुणालाच नाही. संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसले.

"बा, सूर्य बारा दिवस कोरा आहे."

"मग मला दिसतो तो?"

"तुझ्या डोळ्यात आहे."

"बारा दिवस तुला ठाऊक होतं? आणि माझ्या बसमध्ये बसत होतीस?"

"तुला एकट्याला कसं सोडू?"

"आणि लोकांची पोरं?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे मिटून पाणी सोडलं. मग तोंड माझ्याकडे न वळवताच विचारलं, "किती?"

"एकही नाही, बा."

"मग आज केसभर कमी तापेल," तो म्हणाला. खाकी सदरा चढवला, परवाना खिशात घातला आणि तो परत द्यायला माझ्याबरोबर निघाला. थांब्यावर बस आली. स्टिअरिंगवर दुसराच माणूस होता. बा सवयीनं बसच्या पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला. मी त्याचा हात धरला आणि त्याला इकडच्या, प्रवाशांच्या दाराशी आणलं.