उलटे टांगलेले कुर्ते

गिरणीत दळण टाकून थांबले होते. शेजारच्या गाळ्यात सगळे कुर्ते उलटे टांगलेले होते, शिवण बाहेर. आत मशीनवर बसलेल्या बाईंनी ते स्वतःच बेतून शिवले होते.

“उलटे का हो?”

“सरळ टांगले की लोक फोटो काढतात, ताई. माझ्या एका बाहीची आठ दिवसांत बाजारभर नक्कल झाली.”

“मग गिऱ्हाईक बघणार काय?”

“तीच तर भीती. दाखवलं तर चोरतात, लपवलं तर दुकान बंद.”

कपडा दिसण्यासाठीच शिवतात, आणि इथे दिसण्याचीच धास्ती होती. रस्त्याकडे एकदा पाहून त्यांनी एक कुर्ता माझ्यापुरता सरळ केला. बाहीवर बारीक चुण्या कोपरापासून मनगटापर्यंत वळत गेल्या होत्या.

तो मी घेतला. आता तो घातला असताना समोर कुणी फोन वर धरला, की मी ओढणी बाहीवर ओढून घेते.