अँटेना धरून ऐकलेलं गाणं

मंडळी, नगरच्या सायबर कॅफेतून घाईत लिहितोय. तो जुना सिनेमा आज दुपारी टीव्हीवर आहे, असं काल तुमच्यापैकी एकाने मेलवर कळवलं. म्हणून सकाळच्या एसटीने राहुरीजवळच्या आमच्या गावी गेलो.

त्या सिनेमाचं शूटिंग आमच्या नदीवर झालं होतं. पाणी भरणाऱ्या बायकांच्या गाण्यात माझी आई आहे. मी वर्षाचा असताना ती गेली. घरात तिचा एकही फोटो नाही.

गाणं जवळ आलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी पत्र्यावर चढून अँटेना फिरवू लागलो.

"आलं का?"

"आलं," खालून वडील ओरडले. "आता हात काढू नगं."

हात जरा सैल केला की "गेलं, गेलं" ऐकू यायचं. शेवटी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून उभा राहिलो. गाणं संपेपर्यंत हललो नाही.

खाली आलो तेव्हा वडील पडद्यासमोर तसेच बसले होते. "घागर घेऊन हसत हुती रं. बघितलीस न्हवं?" मी वर होतो, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

मी हो म्हणालो.

तुमच्यापैकी कुणाकडे त्या सिनेमाची कॅसेट आहे का?