‘मले’ लिहिणारी ज्योती

चक्कीवर दळण घ्यायला गेलो होतो, तेव्हा फोन आला. ज्योतीचा धाकटा भाऊ विलास होता. ‘सर, ज्योती गेली,’ म्हणाला. मी म्हणालो, ‘एवढ्यात कशी गेली? तिकीट तर सप्टेंबरचं होतं ना?’ तिकडून काहीच आवाज नाही. चक्कीच्या घरघरीत ऐकू गेलं नसेल असं वाटून मी रस्त्यावर आलो आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हा तो म्हणाला, ‘तसं नाई सर... जीव गेला तिचा, दवाखान्यात. आज सकाळी.’ मी ‘बरं’ म्हणालो. खरंच, ‘बरं’ म्हणालो. मग आत जाऊन पिठाचा डबा उचलला, घरी आलो, पीठ चाळून कोठीत भरलं आणि त्यानंतर बायकोला सांगितलं. ती रडली. मी तिच्याकडे बघत बसलो. याला आता सात आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही, आणि ते का आलं नाही हे शोधायचाही कंटाळा आहे. म्हणून निदान लिहून तरी काढावं...

ज्योती माझी विद्यार्थिनी. एटापल्लीला मी अकरावी-बारावीला मराठी शिकवत होतो, तेव्हा ती तिथून आठ-दहा कोसांवरच्या एका गावातून आली. वसतिगृहात राहायची. घरची भाषा गोंडी, बाजारात आणि बसमध्ये शिकलेली मराठी दुसरी, आणि आम्ही शिकवत होतो ती तिसरी. तिच्या पहिल्याच निबंधात मी लाल पेनाने गोल करत गेलो. मले, तुले, त्याले, कुठी, इथी. एका पानावर जागाच उरली नाही. निबंध होता मोहफुलं वेचायला आईसोबत पहाटे जाण्याबद्दल, आणि त्या वर्षी माझ्या हाती आलेला तो सगळ्यात जिवंत निबंध होता. हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी खाली लिहिलं, ‘विषय चांगला, भाषा अशुद्ध.’ ती वही घेऊन टेबलापाशी आली. ‘सर, बोलतानी तर तुमीबी मले म्हणता. मंग इथी काऊन नाई चालत?’ मी म्हणालो, ‘पुस्तकात नाही म्हणून.’ ती जागेवर गेली. दोन महिन्यांत तिचं मराठी असं झालं की पुण्याच्या माणसालाही चूक सापडू नये. मला त्याचा अभिमान वाटला होता.

तिला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्या भागात घरटी कोणीतरी असतोच. महिन्या-दोन महिन्यांनी तिचे गुडघे आणि पाठ अशी दुखायची की ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची आणि दुखणं ओसरलं की पुन्हा वही उघडायची. चंद्रपूरला इंग्रजी घेऊन बी.ए., मग एम.ए. केलं. आणि एक दिवस राजुऱ्याला माझ्या घरी आली. मी तोवर निवृत्त होऊन गावी परतलो होतो. सरकारची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली होती. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सतराव्या शतकाच्या साहित्यावर आणखी एक एम.ए. करायचं, असं म्हणाली. ‘डॉक्टर म्हणते थंडीत जाऊ नको. विलास म्हणते, इंग्रजीत एक एम.ए. झालं, आता तीनशे-चारशे वर्षं जुनं वाचून काय भेटते? माय काहीच बोलून नाई राह्यली. तुमी सांगा सर, जाऊ का?’ मी डॉक्टरबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. ‘जा’ म्हणालो. माझ्या हातची पोर विलायतेला चालली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिकडे गेल्यावर ती रविवारी दुपारी फोन करायची. पहिले दोन महिने आवाज बारीक असायचा. वर्गातल्या मुलांनी शाळेपासून जे वाचलं होतं, ते ती पहिल्यांदा ऐकत होती. कोणी काही संदर्भ दिला की सगळे हसायचे आणि ही खाली बघायची. सहा वाजायच्या आत पार अंधार, आणि खोलीतल्या हीटरला पाठ लावून वाचत बसायचं. ‘सर, मी चुकीच्या ठिकानी आली वाटते,’ असं एकदा म्हणाली. मी नेहमीचं बोललो, धीर धर वगैरे.

नंतर एका रविवारी फोन आला, तो आवाजच वेगळा होता. प्राध्यापक बाईंनी वर्गात त्या काळातल्या हस्तलिखित पत्राची प्रत वाटली होती. एका खेड्यातल्या विधवेने भावाला लिहिलेलं पत्र. शब्दांची वळणं अशी विचित्र की त्या इंग्रज मुलांना दोन ओळींपुढे जाता येईना. ज्योतीने अक्षरं लावायचं सोडलं आणि ते हळूहळू मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. म्हणता म्हणता अर्थ लागत गेला. ‘सर, ते बाई जशी बोलते तशीच लिवते. एकच शब्द तीनदा आला अन् तिन्ही वेळा अलग. त्या टायमाले त्यांच्यातबी असंच होतं. ज्याले जसं ऐकू येते, तसं तो लिवे. अन् कोणीच त्याच्यावर लाल गोल नाई केला, सर!’ ती खूप हसली. मीही हसलो. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. ‘तिकडे जेवण मिळतं ना नीट?’ असं विचारलं.

प्रबंध तिने त्या विधवेच्या पत्रांवरच लिहिला. जानेवारीत थंडीने तिला गाठलं. आठ दिवस इस्पितळात होती. फक्त मला कळवलं. ‘मायले सांगू नका सर, ते पायी निघन.’ मी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून ती लिहीत राहिली, आणि वेळेत प्रबंध देऊन परत आली. तिची आई गाववाल्यांना म्हणायची, ‘जशी धाडली तशी आली.’ मी त्या आठ दिवसांबद्दल आजतागायत बोललेलो नाही.

चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात ती शिकवू लागली. मार्चमध्ये माझ्या घरी आली, तीच शेवटची भेट. तिकडे इंग्लंडला पीएच.डी.ला जागा मिळाली होती, सप्टेंबरात निघायचं होतं. अंबाडीची भाजी आणि भाकर खाता खाता मी विचारलं, ‘आता तू पोरांचे पेपर तपासतेस. ‘मले’ लिहिलं तर काय करतेस?’ म्हणाली, ‘गोल करते, सर. नाई केला तर नोकरीच्या परीक्षेत मार खातील ना थे. पण बाजूले लिहिते, घरी असंच बोल.’ आणि ताटात मीठ वाढून घेतलं. मला माफ केलं होतं की माझ्याबद्दल ते वाक्य नव्हतंच, कोण जाणे.

इंग्लंडच्या थंडीने तिला सोडलं आणि आमच्या एप्रिलच्या उन्हात ती गेली. ताप आला, मग छातीत दुखायला लागलं, तिसऱ्या दिवशी संपलं. माती द्यायला मी एसटीने आलापल्लीवरून गेलो. उभ्यानेच सगळं पाहिलं. परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, ‘लग्नाले गेलते का?’ मी ‘हो’ म्हणालो.

मे महिन्यात पुन्हा तिच्या गावी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. विडीच्या तेंदूपानांचा हंगाम होता. तिची आई अंगणात मांडवाखाली पानं जुळवून पुडे बांधत बसली होती. हंगाम थोडाच थांबतो. मला खाट दिली, पाणी दिलं. पुन्हा पुड्याला हात घालत म्हणाली, ‘सर, तुमाले एक विचारू? थे तिकडची बाई होती ना, भावाले चिठ्ठ्या लिवे. तिची गाय बिमार पडली होती. दिवाळीत आली तवा ज्योती मले वाचून सांगत होती. वाचे इंग्रजीत, सांगे आमच्या गोंडीत. तेवढ्यात पाहुने आले अन् राहून गेलं. पुढं काय झालं त्या गायीचं?’

मला माहीत नव्हतं. प्रबंध मी कधी वाचलाच नव्हता. विलासने आतून जाड पुठ्ठ्याची प्रत आणून दिली. शेवटी ती पत्रं जशीच्या तशी उतरवलेली होती. माझं इंग्रजी बेताचं, त्यात ते असलं. नुसतं डोळ्यांनी वाचून काही लागेना. मग मी एकेक शब्द मोठ्याने म्हणत गेलो, अडखळत, परत मागे येत. आई पानं जुळवत ऐकत होती. मध्ये एकदा मी एका शब्दावर थांबलो, तर तिने मान न उचलता तो शब्द म्हटला, दिवाळीत ज्योतीच्या तोंडून ऐकला होता तसा. तिथून पुढे वाट सापडली. तासाभराने गायीबद्दलचं पुढचं पत्र सापडलं.

‘वाचली, बाई,’ मी म्हणालो. ‘गाय वाचली. वासरू झालं तिला.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली, आणि पुढचा पुडा बांधायला घेतला.