शेंदराची खूण

ओल्या शेंदराचा वास आला की माझे तळहात गार पडतात. का, ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, घरातही नाही.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात बाभळी माजल्या होत्या, आणि या नदीला पूर येतो हेच जालना विसरून गेलं होतं. अशा वेळी शहराला पुरापासून वाचवण्याची योजना निघाली आणि काठच्या वस्तीत धोक्याची खूण करण्याचं काम माझ्याकडे आलं. उतारावर एक दगड रोवायचा, लाल रंगवायचा. पाणी त्याला टेकलं की घरं सोडून वर यायचं, इतकं साधं. कचेरीतून रंग येईना, म्हणून मी बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि कलत्या उन्हात त्या गुळगुळीत दगडाला स्वतःच्या हातांनी माखला.

श्रावणात गेलो, तर दगड जागेवर नव्हता. वरच्या अंगाला, लिंबाखाली बांधलेल्या नव्या कट्ट्यावर तो बसला होता, उदबत्तीच्या निळसर धुरात.

"देव काय चिखलात ठेवायचा, सायेब?" सगळ्यांत खालच्या घरातल्या शेवंताबाई हसल्या. "तुमी रंगवला, आमी बसवला. कामं बराबर वाटून घेतली!"

दारातल्या बाजेवरून त्यांचे अधू पायांचे मालक म्हणाले, "पानी टेकलं का निघायचं, ध्यानात हाय आमच्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण देव हलवा म्हटलं तर वस्ती अंगावर येईल, या भीतीनं मी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं आणि मुकाट परतलो.

भाद्रपदातल्या एका दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. मी पुलावर धावलो तेव्हा खाली गढूळ, जड पाणी बाभळी मुळासकट लोटत होतं, उंबऱ्यांना लागलं होतं, आणि माणसं कट्ट्याकडे बघत उभी होती. मी ओरडलो, निघा!

"अजून टेकलं न्हाई, सायेब!" खालून कोणीतरी उलट ओरडलं.

मग भिंत बसल्याचा आवाज. शेवंताबाईंना लोकांनी ओढून वर काढलं. बाज गेली, बाजेवरच्या माणसासकट.

देवानं मला तरी ठेवलं, असं म्हणत त्या अजून रोज कट्ट्यावर दिवा लावतात. खाली पुन्हा घरं उभी राहिली आहेत. आभाळ भरून आलं की मी पुलावर जातो. दूरच्या त्या उजेडात दगड नुकताच माखल्यासारखा ओला दिसतो.

तो दगड उतारावर परत आणणं, आणि तो कट्ट्यावर उपयोगाचा नाही हे मला श्रावणातल्या त्याच दिवशी कळलं होतं, असं शेवंताबाईंना सांगणं, ही दोन्ही देणी माझ्याकडे बाकी आहेत.