चाळिसावी टाचणी

माझी थोरली जाऊ डायपरचे केक करते. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा काही होतो, की पुढचं सगळं समजावूनच सांगावं लागतं. खायचा केक नव्हे. बाळाचे नवे डायपर एकेक करून घट्ट गुंडाळायचे, प्रत्येकाला रबरबँड लावायचा आणि दुधाच्या बाटलीभोवती ते उभे रचायचे. खाली मोठा थर, त्यावर मधला, त्यावर छोटा. बाहेरून रंगीत फीत, डोक्यावर कापडी ससा आणि सगळ्याला पारदर्शक चकचकीत कागद. कुणाकडे बाळ झालं की लोक हौसेनं भेट म्हणून नेतात.

जाऊबाईंना मी ताई म्हणते. ताईंनी सव्वीस वर्षं प्रसूती रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घातल्या. निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता बाई जरा टेकतील. तर त्यांनी जेवायचं टेबलच बळकावलं. अकरा वर्षं त्या घरात कुणी टेबलावर जेवलेलं नाही. भावजी ताट मांडीवर घेतात आणि तक्रार करत नाहीत, कारण त्यांचं ऐकतंय कोण. रबरबँड ताणून ताणून ताईंचे दोन्ही अंगठे कामातून गेले आहेत, तर आता त्यांना पट्ट्या बांधून गुंडाळणं चालू असतं. मी शेजारच्या इमारतीत राहते, म्हणजे फिती कापायला हक्काचं माणूस मी.

पण ताई थकल्या आहेत त्या अंगठ्यांमुळे नाही. त्यांचे केक कुणी उघडतच नाही. आठ-दहा महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो, तुमचा केक अजून जसाच्या तसा आहे हं, फारच गोड दिसतो, पण बाळ आता रांगायला लागलं, तर मोठ्या मापाचे घालून द्याल का? ताई देते म्हणतात आणि फोन ठेवतात. एकदा मला म्हणाल्या होत्या, मी पोरांच्या ढुंगणाखाली घालायची वस्तू करते आणि लोक ती काचेच्या कपाटात ठेवतात. मला हसू आलं होतं. त्या हसल्या नव्हत्या.

आता टाचण्यांचं सांगते. गाठ बसेपर्यंत फीत सरकू नये म्हणून ती जागोजागी टाचून ठेवावी लागते. त्यासाठी ताईंकडे पत्र्याच्या डबीत निळ्या डोक्याच्या चाळीस टाचण्या आहेत. काम झालं की एकेक काढायची, डबीत टाकायची, मोजायची आणि वर मला मोजायला लावायची. चाळीस भरल्याशिवाय केकवर कागद चढत नाही. अकरा वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

चुकलं त्या गुरुवारी मी सर्दीनं घरी पडले होते. गिऱ्हाईक होती एका मोठ्या ऑफिसातली साहेबीणबाई. तिच्या हाताखाली कुणाकडेही बाळ झालं की केक ताईंचाच जायचा, म्हणजे ताईंचा निम्मा धंदा त्या एका बाईवर. या वेळी केक तिच्या घरचाच होता, धाकट्या भावाच्या मुलीसाठी. सकाळी ती खाली गाडीचा हॉर्न वाजवत होती, वर फोन वाजत होता, आणि ताईंनी न मोजता कागद चढवून केक तिच्या हाती दिला.

दुपारी मी गेले तेव्हा ताई डबी उघडून बसल्या होत्या. एकोणचाळीस. मी मोजल्या, तरी एकोणचाळीसच. आम्ही गालिचा झटकला, कचऱ्याची बादली उपडी केली, भावजींनी अवजारांच्या पेटीतलं लोहचुंबक आणून अख्ख्या फरशीवर पुसल्यासारखं फिरवलं. काही नाही. साहेबीणबाई फोन उचलत नव्हती.

मी म्हटलं, पडली असेल कुठे तरी फटीत. आपण होऊन बोभाटा केला तर उद्या अख्ख्या ऑफिसात होईल, हिच्या केकात टाचण्या निघतात. तान्ह्या बाळासाठी मग कोण घेणार आहे तुमचा केक? ताई अंगावरची शाल सारखी करून उठल्या. म्हणाल्या, "आणि बाळाला टोचली म्हणजे?" मी चपला घातल्या.

भावाचा पत्ता ताईंच्या ऑर्डरच्या वहीत होता. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ताई प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या आणि मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत होते. दार साहेबीणबाईनंच उघडलं. भाऊ कामावर, म्हणून ती अर्धी रजा घेऊन भावजयीजवळ थांबली होती. केक अपेक्षेप्रमाणे काचेच्या कपाटात, बक्षिसाच्या दोन कपांच्या मधोमध. रविवारी ऑफिसची माणसं बाळ बघायला येणार होती, तोवर त्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता.

आतून बाळंतीण आली, एका हातानं पोटाचे टाके सावरत. केस विंचरायला तिला दोन दिवस तरी सवड झाली नसावी. खिडकीतल्या दोरीवर जुन्या टॉवेलचे फाडलेले तुकडे वाळत होते, त्यातले बरेचसे अजून ओलेच. घरातले डायपर सकाळीच संपले होते आणि नवरा संध्याकाळी आणणार होता. समोर चौसष्ट डायपर उभे, आणि ही बाई टॉवेलाचे तुकडे धुतेय. माझा संताप झाला, पण मी परक्या घरात होते.

ताईंनी सरळ सांगून टाकलं की एक टाचणी कमी भरतेय, ती या केकात असू शकते, चूक माझी आहे. साहेबीणबाईचा चेहरा उतरला. मग म्हणाली, वरचा थर तेवढा बघा, खालचे कशाला मोडता, एवढा सुंदर झालाय.

बाळंतीण हळूच म्हणाली, "सगळा उघडावा लागेल का हो?"

नणंदेला ते काळजीनं विचारल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. ताईंनाही नाही.

"बघू या," ताई म्हणाल्या आणि फरशीवर बसल्या.

वरचा थर अकरा डायपरचा. ताई रबरबँड काढायच्या, डायपर उलगडून दोन्ही बाजूंनी हात फिरवायच्या, घडी घालून बाजूला ठेवायच्या. सातवा की आठवा चालू असताना त्यांच्या खांद्यावरची शाल घसरली, आणि मला स्वेटरच्या खांद्याशी निळा ठिपका दिसला. सकाळी फोन घ्यायला उठताना हातातली टाचणी त्यांनी तिथे खोचली असणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा हात शाल सारखी करायला वर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाळंतिणीकडे. शाल नीट खांद्यावर ओढून घेतली आणि पुढचा डायपर उचलला.

वरचा थर संपला. साहेबीणबाई म्हणाली, नाही ना निघाली? मग राहू द्या बाकीचा.

"नाही, आता सगळेच बघावे लागतील," ताई म्हणाल्या.

आणि त्यांनी उरलेले त्रेपन्न डायपर एकेक करून उलगडले, पट्ट्या बांधलेल्या त्याच अंगठ्यांनी. मधे बाळ रडलं, बाळंतिणीनं गठ्ठ्यातला एक डायपर नेला आणि परत आलीच नाही. डोकावले तर बाळाला कुशीत घेऊन ती गाढ झोपली होती. ताईंनी ओले तुकडे दोरीवरून काढले, सगळा गठ्ठा तिच्या हाताशी नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन सांगितलं, "एकातही नाही. निर्धास्त वापरा. टाचणी माझ्याच घरी असणार."

साहेबीणबाईच्या हातात कापडी ससा तेवढा उरला होता. ती अगदी शांतपणे म्हणाली की रविवारी लोकांना मी काय दाखवू? आणि असला वेंधळेपणा असेल तर पुढचे केक तिला नकोत. ताईंनी मान डोलावली.

जिन्यात मी फुटले. म्हटलं, नुसता हात वर करून टाचणी दाखवली असती तर काम भागलं असतं! नाव राहिलं असतं तुमचं!

ताई कठड्याला धरून उतरत होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "पण मग तो केकही तसाच राहिला असता गं. अकरा वर्षांत माझा एक तरी केक कुणी वापरताना मी पाहिला होता का?"

घरी येऊन त्यांनी खांद्यावरची टाचणी डबीत टाकली आणि मला सवयीनं म्हणाल्या, मोज. मी डबी टेबलावर ओतून मोजल्या. चाळीस. सांगायला मान वर केली तर ताईंना खुर्चीतच झोप लागली होती. माझा राग अजून गेला नव्हता. तरी शाल त्यांच्या अंगावर सारखी केली आणि फिती कापायला घेतल्या. पुढचा केक कुणासाठी करायचा, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.